अकरा पावलांची साक्ष

मी खोटी साक्ष दिली होती, हे आधीच कबूल करून टाकते. कोर्टात नव्हे, चर्चमध्ये. खोटं बोलायचं असं मनात धरून नव्हे, तर आपला विश्वास किती मोठा आहे हे दाखवायच्या भरात. आमच्याकडे रविवारच्या उपासनेत दोन गाणी झाली की पाळकसाहेब विचारतात, कोणाला साक्ष द्यायची आहे का. मग त्या आठवड्यात प्रभूने ज्याच्यावर काही उपकार केला असेल तो उठून सांगतो. कोणाचा ताप उतरलेला असतो, कोणाची हरवलेली शेळी सापडलेली असते. जिंतूर तालुक्यातली आमची मंडळी लहान, मोजून वीस-पंचवीस घरं, त्यामुळे एकमेकांच्या साक्षी सगळ्यांना पाठ. मी उठले की मागच्या बाकावरच्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या, आता चिंगी येणार म्हणून.

चिंगी म्हणजे आमची कुत्री. रंगाने मातकट, एक कान उभा, एक पडलेला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी आमच्या भागात जी जाळपोळ झाली, तेव्हा ती तीन महिन्यांचं पिल्लू होती. आमचं घर दलित वस्तीच्या कडेला होतं. आम्ही ख्रिस्ती झालो होतो खरे, पण आग लावायला आलेल्याला तेवढं विचारायला सवड नसते. भर दुपारी माणसं येताहेत असं कळलं आणि मी, आमचे मास्तर म्हणजे माझे यजमान, आणि सहा वर्षांची मुलगी, अंगावरच्या कपड्यांनिशी ओढ्याकडे पळालो. तिथे एका करंजाच्या मुळांखाली पाण्याने पोखरलेली कपार आहे. तिच्यात आम्ही अंग चोरून बसलो, तर चिंगी मागोमाग हजर. मास्तर म्हणाले, हिला हाकल. कारण ही पोरगी कावळा दिसला तरी भुंकायची, ताटलीवर झाकण पडलं तरी भुंकायची. मी हाकललंही. ती गेली नाही. माझ्या काखेत तोंड खुपसून बसली. थोड्याच वेळात वरून, अगदी आमच्या डोक्यावरून, पावलं गेली, बोलणं गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. दिवस कलेपर्यंत आम्ही तसेच होतो आणि त्या पिल्लाने चूं केलं नाही. घराचं छप्पर गेलं, भांडीकुंडी गेली, आम्ही चौघं राहिलो. बायबलातल्या गोष्टीत सिंहांची तोंडं बंद करणाऱ्या देवाने एका पिल्लाचं तोंड बंद केलं, अशी ती माझी साक्ष. बारा वर्षं मी ती देत आले होते आणि ती खरी होती.

खोटी साक्ष नंतरची आहे.

मी नर्स. गावच्या उपकेंद्रामागे दोन खोल्यांचं क्वार्टर मला मिळालं होतं, काट्यांचं कुंपण आणि पत्र्याचं फाटक असलेलं. मास्तरांना प्रभूने नेलं त्याला तीन वर्षं झाली होती आणि मुलगी औरंगाबादला नर्सिंग शिकायला गेली होती. म्हणजे घरात मी आणि चिंगी. त्या कपारीतल्या चौघांपैकी आम्ही दोघीच तिथे उरलो होतो. कपार घरापासून फार तर दोन-अडीचशे पावलांवर, मध्ये एक ज्वारीचं शेत. पण त्या दिवसानंतर मी तिकडे कधी फिरकले नव्हते. ओढ्याकडे कपडे धुवायला जायचं तरी वळसा घालून जायची.

त्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या सुमाराला चिंगी बसली ती उठेना. डोळ्यांवर साय आली होती, मागचे पाय लुळे पडले होते, पोट फुगलं होतं. जिंतूरहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. भला माणूस; मोटारसायकलवर भर उन्हातून आला, चिंगीला गुडघ्यावर घेऊन बराच वेळ तपासलं. मग मला म्हणाले, सिस्टर, किडन्या गेल्यात हिच्या, वय झालंय. म्हणत असाल तर सुई देतो, झोपेतच जाईल. मी त्यांना नीट उत्तरही दिलं नाही. ज्याने हिला तेव्हा राखलं तो आताही राखेल, तुमचा विश्वास नसेल तर माझा आहे, असं काहीतरी फणकाऱ्याने बोलले आणि सलाईनच्या बाटल्या लिहून मागितल्या. त्यांनी निमूट लिहून दिल्या. दवाखान्यात मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्यांच्या लेकांना मीच समजावत आले होते, की आता सुया पुरे, जवळ बसा, हात धरा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तशातली गत.

आणि मग ते घडलं, ज्याला मी चमत्कार म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते, तर अंगणात फरफटल्याचा आवाज. बाहेर येऊन बघते तो चिंगी उठलेली. मागचं अंग ओढत ओढत ती सात पावलं चालली होती. मी तिथेच अंगणात गुडघे टेकले. तिला उचलून गोणपाटावर आणून ठेवलं, कातडीखाली सलाईन लावलं, चमच्याने दूध पाजलं. दुसऱ्या दिवशी ती नऊ पावलं चालली. शनिवारी अकरा. केसपेपरावर नाडी आणि ताप लिहायची सवय असलेली मी, भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात पावलांचा आकडा लिहीत होते.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारायचा अवकाश, मी उभी. सात, नऊ, अकरा, असं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी हात टेकले होते हेही सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच. शेवटी म्हणाले की ईस्टरच्या सकाळी चिंगी माझ्याबरोबर चालत या दारापर्यंत येईल, तुम्ही सगळे बघाल. सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. एका म्हातारीने तर डोळ्याला पदर लावला. घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

सोमवारपासून चिंगीने दूध तोंडातून बाहेर काढायला सुरुवात केली. मंगळवारी पाणीही घेईना. मी सलाईन वाढवलं. दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून पडायची, पण सकाळ झाली की तिचं ते फरफटणं चालूच. मी उचलून आणायची, ती पुन्हा निघायची. फाटकाला मी कडी घालून ठेवली होती. बुधवारी मी सुई घेऊन वाकले आणि ती माझ्यावर गुरगुरली. बारा वर्षांत पहिल्यांदा. मला इतका राग आला की मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सैतानाला धमकावलं. आता आठवलं की लाजेने मान खाली जाते. मुकं जनावर मला हात जोडून सांगत होतं आणि मी त्यात सैतान शोधत होते. पण त्याहून लाजिरवाणं आणखी एक आहे. त्या आठवड्यात माझी प्रार्थना बदलली होती आणि मला ते कळलंही नव्हतं. आधी मी म्हणायची, प्रभू, चिंगीला बरं कर. आता मी म्हणत होते, प्रभू, माझी लाज राख. मंडळीपुढे बोलून बसले होते. चिंगी गेली तर लोक काय म्हणतील, याच्या भीतीने मी तिला त्या बाटल्यांना बांधून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी उठले तर पलीकडच्या शेतात धनगरांची मेंढरं बसलेली. रब्बीची ज्वारी निघाली की मालक खतासाठी मेंढरं बसवून घेतात, दर वर्षीचंच. सोबत तीन कुत्री, गळ्यात खिळ्यांचे पट्टे. गावातलं कुत्रं त्यांच्या वाऱ्याला उभं राहत नाही. मागल्या वर्षी एकाचं नरडं फोडलं होतं त्यांनी. मी फाटकाची कडी पुन्हा एकदा हलवून पाहिली. चिंगी फाटकापाशी येऊन पडली होती, पत्र्याच्या खालच्या फटीत नाक घालून. मी तिथेच बसून तिच्या मानेला सलाईन लावत होते, तेवढ्यात उपकेंद्राच्या हापशावर पाणी भरायला त्यांच्यातली एक बाई आली. माझ्याच वयाची असेल, हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, काखेत नुकतं जन्मलेलं कोकरू. हंडा भरून झाल्यावर ती गेली नाही. कुंपणापलीकडे उभी राहून आमच्याकडे बघत राहिली.

मला कोणी असं बघितलेलं खपत नाही. मी म्हटलं, आजारी आहे, पण आता बरी होतेय, आपलं आपण चालायला लागलीय. आणि विचारलं नसताना सात, नऊ, अकरा हे सगळं तिलाही ऐकवलं. साक्ष द्यायची सवय, दुसरं काय. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

“कोणत्या अंगाला?”

मला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, “पावलं टाकली म्हन्ता, ती कोणत्या अंगाला टाकली? वाटीकडं, का तुमच्याकडं, का फाटकाकडं?”

सातही फाटकाकडे. नऊही फाटकाकडे. अकराही. वाटीकडे एक नाही, माझ्याकडे एक नाही. तारखेच्या चौकोनात आकडे लिहिणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

“आजारी न्हाई ती, बाई,” ती म्हणाली. आवाजात ठपका नव्हता, एखादीला वाट सांगावी तसं सांगत होती. “ती जायलीय, अन् तुमी कडी लावायलाव. आमच्यात कुत्रं थकलं की आपल्या जागंला जातंय. आमी आडवत न्हाई. मागनं जाताव, लांबून.”

मी तिच्या कुत्र्यांकडे बोट केलं. ही बाहेर पडली तर ती फाडून टाकतील, आधी त्यांना बांधा, असं म्हटलं. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

“बांधायचं काम न्हाई,” ती म्हणाली. “तुमी कडी काढा.”

मी उठून फाटकाच्या कडीवर हात ठेवला. लहानपणापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी म्हणत आले आहे की तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की हे म्हणताना माझा हात कायम कडीवर असायचा. तुझी इच्छा होऊ दे, पण या कुंपणाच्या आत. मी खाली बसले, चिंगीच्या मानेतली सुई काढली, कापसाने दाबून धरलं. तिने माझा हात चाटला. मग मी प्रभूला म्हटलं, माझी साक्ष खोटी पडू दे, हिला तू जिकडे नेतोस तिकडे ने. आणि कडी काढली.

चिंगी बाहेर पडली. धसकटांतून अंग ओढत निघाली, थेट मेंढरांच्या दिशेने. तिन्ही कुत्री उठली. मी धावणार, तोच त्या बाईने नुसता हात आडवा धरला. ती कुत्री पुढे आली, चिंगीपासून चार हातांवर थांबली. एकही भुंकलं नाही. एकानेही दात दाखवले नाहीत. सगळ्यांत मोठं, काळं होतं ते, त्याने मान खाली घातली आणि बाजूला सरलं. मग बाकीची दोन सरली. मेंढरंसुद्धा उठून दोन्हीकडे झाली आणि मधून वाट पडली, आणि त्या वाटेने माझी आंधळी, लुळी म्हातारी चालत गेली. बारा वर्षांपूर्वी कपारीत ऐकली होती ती शांतता मी पुन्हा ऐकली. तोंडं बंद करणारा तोच होता, यापलीकडे मला त्याबद्दल काही सांगता येत नाही. कोणी म्हणेल, जनावरांना जनावरांचं कळतं. कळत असेलच. त्यांना कळतं ते कोण कळवतं, एवढंच माझ्या मनात येतं.

ती तीन वेळा थांबली. दर वेळी माझे हात तिला उचलायला पुढे झाले आणि दर वेळी मी ते मागे घेतले. अकरा पावलांचं कौतुक करणारी मी, त्या दिवशी पावलं मोजायची विसरले. बांधाशी आल्यावर माझ्या लक्षात आलं की ती कुठे चालली आहे, आणि माझेच पाय थबकले. करंज तसाच होता, थोडा आणखी वाकलेला. मुळांखालच्या कपारीत वाळलेला पाला साचला होता. चिंगी आत शिरली, एकदा गोल फिरली आणि बसली. आत मला बसता येईल इतकी जागा तिच्याशेजारी होती. ज्या जागेला मी इतकी वर्षं भ्याले, तिथे एक कुत्री मला हाताला धरून न्यावं तशी घेऊन आली होती. मी आत जाऊन बसले. तिने माझ्या काखेत तोंड खुपसलं.

आम्ही बराच वेळ तशाच बसलो. मी मास्तरांशी बोलले, मुलीशी बोलले, प्रभूशी बोलले, आणि जाळपोळीच्या दिवशी भीतीने जे रडू आतच राहिलं होतं ते सगळं रडले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिच्या श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. मी नर्स असून घड्याळात पाहिलं नाही. शेवटचा श्वास कोणता ते मला सांगता येणार नाही, इतक्या हलकेच ती गेली. चूं केलं नाही. तेव्हाही नाही आणि आताही नाही.

त्या बाईच्या नवऱ्याने कुदळ आणून तिथेच करंजाखाली खड्डा घेऊन दिला. शुक्रवारी मेंढरं पुढच्या गावाला गेली.

मी जिंतूरला जाऊन डॉक्टरांची माफी मागितली. त्यांना माझं बोलणं आठवतही नव्हतं असं ते म्हणाले, पण आठवत असावं. इथे एक सांगायला हवं. सुई देणं पाप आणि कपारीत नेणं पुण्य, असं मी मुळीच म्हणत नाही. त्या दिवशी माझ्या डोळ्यांवर पडदा नसता तर त्यांची सुईही प्रभूचीच कृपा ठरली असती. आपल्या म्हाताऱ्या जनावरासाठी ज्याला जो निर्णय घ्यावा लागेल तो त्याने घ्यावा. फक्त स्वतःची लाज राखायला घेऊ नये.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं आणि मी उभी राहिले. मागच्या बाकावर कोपरं हलली. मी म्हटलं, गेल्या रविवारी मी खोटी साक्ष दिली. चिंगी बरी होत नव्हती, ती निघाली होती, आणि मी तिला माझ्या मोठेपणासाठी अडवून धरलं होतं. मग कडी, कुत्री, करंज, सगळं सांगितलं. कपाळाला कुंकू लावणाऱ्या बाईच्या तोंडून प्रभूने मला शिकवलं हेही सांगितलं. माझं संपल्यावर कोणी आमेन म्हणालं नाही. मला वाटलं, झालं, गेली पत. तेवढ्यात गेल्या रविवारी पदर डोळ्याला लावणारी ती म्हातारी बसल्या जागेवरून बोलली.

“चिमणी पडत न्हाई असं बायबलात कुठं लिव्हलंय, सिस्टर? पडती की. पन आभाळातला बाप जवळ असतोय.”

आणि तिनेच आमेन म्हटलं. एकटीने.

पुढच्या वर्षी ज्वारी निघाली आणि मेंढरं पुन्हा बसली. मी हापशावर वाट बघत थांबले. ती आली, तेच हिरवं लुगडं, नाहीतर तसलंच दुसरं. मी तिचे हात धरले आणि चिंगीची आठवण करून दिली, कोणत्या अंगाला हा तिचा प्रश्न सांगितला. ती माझ्याकडे बघून ओशाळं हसली. म्हणाली, “म्या म्हन्ले व्हय असं? लय गावं, लय कुत्री बघताव बाई आमी. ध्यानात न्हाई राहत.” तिने हंडा डोक्यावर घेतला आणि गेली. क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, बरं झालं. ज्याने तिच्या तोंडी तो प्रश्न घातला त्याच्या तो ध्यानात आहे.

आता दवाखान्यात कोणाची लेक येऊन म्हणते, सिस्टर, आज आईने दोन घास जास्त खाल्ले, आज ती उठून बसली. मी तिचा आनंद मोडत नाही, तिच्याबरोबर देवाचे आभार मानते. मग घरी जाऊन गुडघे टेकते आणि त्या आईसाठी एवढंच विचारते, प्रभू, कोणत्या अंगाला? उत्तर नेहमी मिळतंच असं नाही. पण विचारताना माझा हात आता कडीवर नसतो.